रिसीव्हरची यादी लावताना यार्ड शेवटी बघ, आधी बॉल फेकणारा कोण ते बघ

मित्रा, तुझी पोस्ट वाचली आणि 2022 चा ऑगस्ट आठवला. तुला ऑफिसच्या पूलसाठी (अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरची अंदाजांची स्पर्धा) 2025 चा सीझन सुरू व्हायच्या आधी टॉप दहा वाइड रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे प्लेअर, क्रमाने लावून द्यायचेत, ऑफिसच्या डलासच्या टीममधले टेक्सासवाले "ओहायो स्टेटचा जेरेमाया स्मिथ ओव्हररेटेड आहे, कॉटन बोलमधे (सीझननंतरचा मोठा सामना) एकच कॅच" म्हणून डोकं खातायत, आणि वर तू घेतलेला पोर्टलवाला (म्हणजे ट्रान्सफर पोर्टलमधून कॉलेज बदललेला) प्लेअर साइटवर अजून जुन्याच कॉलेजात दिसतोय, सपोर्टवाले उत्तर देत नाहीत. यातलं शेवटचं दुखणं मी पुरतं भोगलंय म्हणून आधी त्यावरच लिहितो. बाकीचे लोक तुला नावं सुचवतीलच, यावर कोणी बोलणार नाही.

2022 मधे जॉर्डन ॲडिसन हा सगळ्यात मोठा विषय होता. 2021 ला पिट्सबर्गकडून 100 कॅच, 1,593 यार्ड, 17 टचडाऊन, बिलेटनिकॉफ अवॉर्ड (कॉलेजच्या सर्वोत्तम रिसीव्हरचं). मग त्याचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) केनी पिकेट एनएफएलमधे, म्हणजे प्रोफेशनल लीगमधे, गेला आणि मे महिन्यात ॲडिसन पोर्टलमधून यूएससीला. लिंकन रायली कोच, केलब विल्यम्स फेकणारा, म्हणजे त्याला वर ठेवणं अगदी सरळ होतं आणि मी ठेवला. पण आम्ही ज्या साइटवर पूल चालवत होतो (नाव घेत नाही, ती आता वेगळ्या नावाने चालते असं ऐकलंय) तिथे ऑगस्टमधेही तो पिटचाच प्लेअर होता. मी मेल केला. उत्तर आलं की रोस्टर वेळोवेळी अपडेट होतं, काळजी नसावी. सीझन सुरू झाला, राईसविरुद्ध दोन टचडाऊन, पुढच्या आठवड्यात स्टॅनफर्डविरुद्ध परत दोन, आणि माझ्या खात्यावर दोन्ही वेळा शून्य, कारण सिस्टिम त्याला पिटच्या सामन्यात शोधत होती! बॉक्स स्कोअरचा (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याचा) फोटो जोडून परत तक्रार केली. तिकिटावर "रिझॉल्व्ह्ड" असा हिरवा शिक्का पडला आणि खाली एक ओळ, की प्लेअरची टीम आता दुरुस्त केली आहे, आधीचे पॉइंट नियमानुसार बदलता येत नाहीत. कुठला नियम? विचारलं तर नियमावलीच्या पहिल्या पानाची लिंक पाठवली, त्यात असा नियमच नव्हता. परत लिहिलं तर बंद झालेल्या तिकिटावर उत्तर देता येत नाही म्हणे, नवीन काढा. नवीन काढलं की दुसरा माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा. पूल चालवणारा आमचाच कलीग होता, तो बिचारा म्हणे माझ्या हातात काही नाही, ॲडमिनला पॉइंट एडिट करायचा अधिकारच दिलेला नाही. पैशाचं सोड, पण तीन महिने आधी जाहीर झालेली गोष्ट, अख्ख्या देशाला माहिती असलेली, आणि ती दुरुस्त करायला यांना सीझन सुरू व्हावा लागतो, याचा राग मला आजही येतो.

म्हणून तू सपोर्टच्या नादी आत्ता लागूच नकोस. पूल चालवणाऱ्याला आजच मेल टाक, चॅटवर नको मेलच, की अमुक प्लेअर अमुक कॉलेजात गेलाय, साइटवर चुकीचा दिसतोय, पॉइंट नवीन कॉलेजच्या सामन्यांवरून धरायचे का ते लिहून द्या. सगळ्यांना सीसी कर. आणि यादी लॉक व्हायच्या (बदल बंद व्हायच्या) आधी तिचा स्क्रीनशॉट काढ, त्यात तारीख दिसली पाहिजे. साइटने घोळ घातला तर हाताने हिशोब करायचा हे आधी ठरलेलं असलं की नंतर भांडण होत नाही. (पूलमधे पैसे असतील तर तुमच्या राज्यात काय चालतं ते तुझं तू बघ, मी वकील नाही.)

आता यादी. बेसिक तुला माहिती आहेच असं धरतो.

बहुतेक लोक गेल्या वर्षीचे यार्ड उतरत्या क्रमाने लावतात आणि ग्रॅज्युएट झालेले खोडतात, झाली यादी तयार. मला हे अजिबात पटत नाही. 2022 चंच बघ. ओहायो स्टेटचा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा (हा स्मिथ वेगळा) सगळ्यांच्या यादीत पहिला किंवा दुसरा, आणि का नसावा, आदल्या सीझनला 1,606 यार्ड, त्यातले 347 एकट्या रोझ बोलमधे यूटाविरुद्ध. पहिल्याच सामन्यात हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली आणि अख्ख्या सीझनमधे 5 कॅच, 43 यार्ड. बिलेटनिकॉफ नेलं टेनेसीच्या जेलिन हायटने, ज्याचे आदल्या वर्षी जेमतेम 21 कॅच होते. अलाबामाविरुद्ध 5 टचडाऊन करेपर्यंत त्याचं नाव किती जणांना माहिती होतं? दुखापतीपुढे कोणाचंच चालत नाही, पण हायट नुसता नशिबाने वर आला नाही. टेनेसीत रिसीव्हरला एवढं बाहेर, पार साइडलाइनला खेटून उभं करतात की डिफेन्स मैदानभर ताणला जातो आणि वेगवान माणसाला मधे एकट्याला धावायला मिळतं. सिस्टिम तीच, क्वार्टरबॅक तोच परत आलेला, फक्त त्याला जास्त बॉल मिळायला लागले. असे प्लेअर ऑगस्टमधेच हेरता येतात, निदान थोडेफार.

म्हणून माझा क्रम असा की आधी फेकणारा कोण आणि तो परत आलाय का, मग प्लेकॉलर (प्रत्येक चाल ठरवणारा कोच) बदलला का, मग मोठ्या सामन्यात डिफेन्सने याच्यासाठी काय वेगळं केलं, आणि यार्ड सगळ्यात शेवटी. कॅल्विन जॉन्सनसारखा माणूस असेल तर सगळं माफ, 2006 ला जॉर्जिया टेकमधे त्याच्या क्वार्टरबॅकचे निम्मेसुद्धा पास पूर्ण होत नव्हते आणि तरी याने 1,202 यार्ड काढले. पण तसे किती निघतात.

तुझ्या टेक्सासवाल्यांचा मुद्दा घेऊ. (मी ओहायोत राहतो आणि बकआयजचा, म्हणजे ओहायो स्टेटचा, माणूस आहे, तेव्हा माझं मत त्या हिशोबानेच घे.) कॉटन बोलमधे जेरेमाया स्मिथचा एक कॅच आणि 3 यार्ड, आकडा खरा आहे. पण टेक्सासने काय केलं ते बघ ना, जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्यावर दोन माणसं. मग बाकीच्यांना जागा मिळाली, दुसरा रिसीव्हर कार्नेल टेटने पास पकडले, हाफच्या तोंडावर रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) हेंडरसन एक स्क्रीन पास (जवळचा छोटा पास) घेऊन 75 यार्ड पळाला आणि ओहायो स्टेट 28-14 ने जिंकलं. आणि बरोबर त्याच्या आधीच्या सामन्यात, रोझ बोलमधे, ओरेगनने त्याला तसं बांधलं नाही तर 187 यार्ड आणि 2 टचडाऊन. फायनलला नोत्र दामविरुद्ध शेवटची काही मिनिटं उरलेली, तिसरा डाऊन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि 11 यार्ड हवेत, समोर एकटा कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा डिफेंडर) ठेवला आणि 56 यार्डांचा तो कॅच. म्हणजे दोन ठेवा नाहीतर मरा. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा अख्ख्या डिफेन्सचं गणित बदलायला लावतो, ते बॉक्स स्कोअरमधे कुठे दिसणार?

तरीसुद्धा स्मिथचे 1,315 यार्ड डोळे मिटून घेऊ नकोस, ओहायो स्टेट सोळा सामने खेळलं. ॲरिझोना स्टेटच्या जॉर्डन टायसनचे 1,101 यार्ड हे फक्त नियमित सीझनचे आहेत, कारण शेवटच्या सामन्यात त्याचं कॉलरबोन मोडलं आणि तो पीच बोलला नव्हता. सामन्यामागे काढलंस तर टायसन 91 च्या वर आणि स्मिथ 82. हे तुझ्या कलीग्जपैकी एकानेही काढलं नसणार, पैजेवर सांगतो. शिवाय टायसनचा क्वार्टरबॅक सॅम लेव्हिट परत आलाय आणि रनिंग बॅक स्कॅटेबो गेला, म्हणजे इतकी वर्कलोड धावण्यावर टाकता येणार नाही, पास वाढणार. म्हणून माझ्याकडे स्मिथ एक, टायसन दोन. दुखापतीची भीती आहे, मान्य.

अलाबामाचा रायन विल्यम्स मी तिसरा ठेवतोय आणि यावर शिव्या पडणार हे माहिती आहे. सतरा वर्षांचा असताना जॉर्जियाविरुद्ध 177 यार्ड, शेवटचा तो 75 यार्डांचा टचडाऊन, जिथे हवेत फिरून बॉल घेतला आणि खाली पाय टेकताच परत गिरकी मारून दोघांना मागे टाकलं, तसलं काही मी कॉलेजमधे फार क्वचित पाहिलंय. कॅचमागे 18 यार्डांची सरासरी, स्मिथपेक्षाही जास्त. पण जॉर्जियानंतर तेवढा मोठा सामना त्याचा झाला नाही, आणि आता क्वार्टरबॅक मिलरो गेला, टाय सिम्पसन कॉलेजमधे पहिल्यांदाच स्टार्टर म्हणून उतरणार. हां, हाच नियम स्मिथलाही लागतो, क्वार्टरबॅक विल हॉवर्ड गेला, प्लेकॉलर चिप केली गेला, नवा क्वार्टरबॅक ज्युलियन सेइनने अजून एकही सामना सुरू केलेला नाही. मग स्मिथ पहिला कसा? तर 2025 ला प्लेकॉलिंग ब्रायन हार्टलाइनकडे आलंय, जो आधीपासून याच रिसीव्हरांचा कोच आहे, आणि दोघं लागूनही ज्याने टीमला जागा करून दिली त्याच्यावर माझा जास्त विश्वास आहे. कोणाला नाही पटलं तर नाही पटलं.

खालच्या जागांपैकी एक तरी हायटसारख्यासाठी मोकळी ठेव. माझा माणूस यूएससीचा मकाय लेमन. गेल्या वर्षी 764 यार्ड, पण सीझनच्या शेवटी जेडन मायावा स्टार्टर क्वार्टरबॅक झाला आणि तोच परत आलाय, रायली तिथेच आहे. ऑबर्नच्या कॅम कोलमनवर सगळे उड्या मारतायत, हात छान आहेत पोराचे, पण क्वार्टरबॅक नवा, मी सहाव्याच्या वर नाही ठेवणार.

अजून एक, टीव्हीवर बघून रिसीव्हर कळत नाही. कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि रूट (रिसीव्हरची ठरलेली धावायची वाट) चौकटीच्या बाहेर संपतो. कधी स्टेडियमला गेलास तर खालची महागडी सीट घेऊ नकोस, वरच्या डेकवर बस. आमच्या ओहायो स्टेडियमच्या सी डेकवरून सगळी मांडणी उघडी दिसते. स्नॅपच्या (बॉल खेळात यायच्या) आधी सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) दोन पावलं स्मिथच्या बाजूला सरकतो, मग पलीकडचा कॉर्नर एकटा पडतो, आणि क्वार्टरबॅकची मान तिकडे वळते. बॉल स्मिथकडे येतही नाही आणि तरी तो प्ले त्याचाच असतो. भारतातून बघणाऱ्यांसाठी, 30 ऑगस्ट 2025 चा टेक्सास–ओहायो स्टेट सामना रात्री साडेनऊला आहे, जागरण करावं लागणार नाही. अलाबामा–फ्लोरिडा स्टेट मात्र रात्री एकला.

तू आधी तो मेल टाक, यादी नंतर बदलता येईल लॉकपर्यंत. आणि टेक्सासवाल्यांना एवढंच विचार, की यावेळी स्मिथवर एकच माणूस ठेवायची तुमच्या कोचची तयारी आहे का. काय म्हणतात ते इथे लिही.