नवरा आघाडीवर निघालाय, ठेवीतल्या नऊ लाखांचं काय करू?

प्रश्न (वाळपई, सत्तरी, गोवा): पती भूदलात हवालदार. पुढच्या महिन्यात फील्ड पोस्टिंगवर निघतायत. घरकर्ज 11 लाख शिल्लक, व्याज 8.5 टक्के, अजून 8 वर्षं, हप्ता सुमारे 15,800. ठेव 9 लाख, घरखर्च 28,000. घरात सासूबाई आणि मुलगी. दीर म्हणतात, ठेव मोडून कर्ज उतरवा. एजंट म्हणतो, वर्षाला 96,000 भरून 15 लाखांची बचत पॉलिसी घ्या. काय करू?

उत्तर: ताई, पॉलिसी नको. कर्जात सगळी ठेवही ओतू नका.

उद्या काही बरं-वाईट झालंच तर सरकारी आधार भक्कम आहे, पण तो कागदांवर चालतो आणि कागद वेळ खातात. मधले महिने हातातल्या पैशावर काढावे लागतात. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 44,000 च्या आसपास जातात. नऊ महिन्यांचे 4 लाख बाजूला काढा. पैसे दोघांच्या नावाच्या, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ अशा खात्यात ठेवा. एकट्याच्या नावाचं खातं नेमकं गरजेच्या वेळी अडकतं. 3 लाख कर्जात भरा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून मागा. 96 ऐवजी साधारण 63 हप्त्यांत कर्ज फिटेल, व्याजाचे सव्वादोन लाख वाचतील. बदलत्या दराच्या घरकर्जावर आगाऊ फेडीचा दंड नसतो. उरलेले 2 लाख 50-50 हजारांच्या चार ठेवींत टाका, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल.

फील्ड भत्त्याच्या जोरावर नवा हप्ता मात्र अंगावर घेऊ नका. पोस्टिंग बदलली की भत्ता थांबतो, हप्ता थांबत नाही.

पॉलिसीला नकार का, तर 96,000 मध्ये 15 लाखांचंच छत्र मिळतं आणि पैसा वर्षानुवर्षं अडकतो. शिवाय अपघाती मृत्यूच्या जोडविम्यात युद्धातला मृत्यू बहुधा वगळलेला असतो. आर्मी ग्रुप इन्शुरन्स पगारातून कापला जातोच. पगाराचं खातं बँकेच्या डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये असेल तर त्यातही अपघात विमा असतो. मात्र खातं त्या पॅकेजमध्ये नोंदलंय का, आणि आघाडीवरच्या मृत्यूला तो विमा लागू आहे का, हे शाखेकडून लेखी घ्या.

पुढचं लिहिताना मलाही जड जातंय, पण तुम्हाला हे आजच माहीत असावं. केंद्राची सानुग्रह रक्कम प्रसंगावर ठरते: कर्तव्यावरच्या अपघातात 25 लाख, सीमेवरची चकमक किंवा ठरवून दिलेल्या अतिउंच भागातला मृत्यू असेल तर 35 लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत 45 लाख. पेन्शनचंही तसंच. लढाईतल्या मृत्यूला उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. सेवेमुळे आलेल्या मृत्यूला विशेष पेन्शन, पगाराच्या 60 टक्के. सेवेशी संबंध नसेल तर साधी पेन्शन. ती पहिली दहा वर्षं 50 टक्के, पुढे 30. म्हणून घटनेची नोंद कोणत्या वर्गात झाली हे युनिटकडून लेखी मिळवायचं असतं. वर्ग चुकला तर अपील करता येतं.

आता कागद. गाडी सर्वांत जास्त अडते ती नावावर. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन टप्प्यांत नोंदतं. दुसरी सही राहून गेली असेल तर नोंद अपुरी आहे, ती आधी पुरी करा. मग विवाह नोंदणी, आधार, पॅन आणि युनिटची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्नाची, मुलांची लष्करातली अधिकृत नोंद) शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकीकडे माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं, किंवा ‘गावकर’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर ‘ओ’ आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’, एवढ्यावरही पेन्शनच्या ‘स्पर्श’ प्रणालीत प्रकरण अडकू शकतं. मुलीचा जन्मही पार्ट टू ऑर्डरमध्ये हवा. पती निघण्याआधी ही दुरुस्ती युनिटच्या क्लार्ककडे सोपी असते, नंतर फार लांबते.

ग्रुप इन्शुरन्स आणि भविष्य निर्वाह निधीचा नॉमिनी तपासा. भरतीच्या वेळी बहुतेक जवान आईचं नाव देतात आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. सासूबाईंना हिस्सा द्यायचा असेल तर टक्केवारी लिहून द्या, उगाच घरात कुरबुर नको. कुटुंब पेन्शन मात्र नॉमिनीवर नाही, नियमावर चालते.

गोव्याच्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि घर-जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. म्हणून बँक, मामलेदार कचेरी आणि पंचायतीच्या कामांपुरतं मर्यादित कुलमुखत्यारपत्र नोटरीकडून करून घ्या. विक्रीचा अधिकार त्यात नको. आणि ते पती हयात असेपर्यंतच चालतं, त्यामुळे बँकेतली खाती वेगळी दोघांच्या नावावर हवीतच.

कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटणीचा दावा किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात चालू असेल तर 1925 च्या भारतीय सैनिक (खटले) कायद्याखाली कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र कोर्टात देता येतं. युद्धपरिस्थितीत तैनात जवानाविरुद्धचं काम कोर्ट त्यावरून पुढे ढकलतं. केस नंबर आणि कोर्टाचं नाव पतींनी युनिटला आधीच देऊन ठेवावं. युनिटशी संपर्क होत नसेल तर पणजीच्या राज्य सैनिक मंडळाकडे जा. जाताना पतींचा आर्मी नंबर, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि पार्ट टू ऑर्डरच्या प्रती बरोबर घ्या.