सेरेंगेटीतील सिंहांच्या कळपांचा माग अभ्यासक कसा ठेवतात?
टांझानियातील सेरेंगेटीत जॉर्ज शालर यांनी १९६६ मध्ये सिंहांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे अनेक दशके चालला. सिंहिणी बहुधा जन्मभर आपल्याच कळपात राहतात, म्हणून एकीच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला की तिच्या संकेतांवरून कळपाचा ठावठिकाणा लागतो; मात्र कळप सतत लहान टोळ्यांत विखुरत असल्याने ती सापडली म्हणजे सगळे सापडले, असे होत नाही. त्यामुळे प्रत्येक सिंह वेगळा ओळखावा लागतो, आणि त्यासाठी मिशांच्या वरच्या ओळीतील ठिपक्यांची मांडणी पाहतात, कारण ती आयुष्यभर बदलत नाही. आयाळीवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. ती वयाप्रमाणे पालटते. सर्वांत अवघड माग कळप सोडून दूर भटकणाऱ्या तरुण नरांचा.