जुन्या पिकअपचं नाक खाली बसलंय, कमी खर्चात सरळ कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०११ ची टाटा झेनॉन आहे, वापर शेतीचा. नाक खाली बसलंय, डावीकडे जरा जास्तच. बाहेरच्या देशातल्या पिकअपचे व्हिडिओ बघून पुढे स्पेसर (उंची वाढवायला स्प्रिंगशी बसवायची जाड चकती) टाकावा म्हणताय, आणि खर्च पाच हजारांच्या आत हवा.

स्पेसरचं डोक्यातून काढून टाका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवा तो स्पेसर वळवून मिळेल हो, पण तुमच्या गाडीत तो बसवायला जागाच नाही. व्हिडिओतल्या त्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग असते. झेनॉनला पुढे टॉर्शन बार आहेत, जुन्या सफारीसारखे. हा एक लांब पोलादी दांडा. त्याचं एक टोक विशबोनला (चाक धरून वर-खाली होणाऱ्या हाताला) आणि दुसरं मागे चासीत धरलेलं. चाक वर गेलं की दांडा पिळतो, तो पीळ उलटा फिरायला बघतो आणि गाडीचं वजन तोलून धरतो. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की नाक वर, सैल केला की खाली. म्हणजे उंची बदलायची सोय कंपनीनंच दिलेली आहे, नवीन सामान लागत नाही.

पण पाना हातात घ्यायच्या आधी नाक खरंच बसलंय का ते बघा. पिकअप रिकामी असताना मागून उंचच दिसते. मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. हौद्यात खताची पोती नाहीतर गुळाच्या ढेपा पडल्या की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते. रिकाम्या गाडीचं नाक मागच्याइतकं वर केलंत, तर भरल्यावर ते आभाळाकडे बघणार. स्टेअरिंगचा भरवसा कमी होणार. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना असलं स्टेअरिंग कुणालाच नको असतं. तेव्हा गाडी दिसायला सपाट करू नका, बसलेली उंची तेवढी परत आणा.

मोजायचं असं: चारही टायरची हवा सारखी करा, हौदा रिकामा करा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि चारही चाकांची मापं लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात शिरतात. जागा सपाट हवी. पेट्रोल पंपाची फरशी सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. खात्री नसेल तर गाडी त्याच जागी उलट तोंडानं उभी करून परत मोजा. डावी-उजवीतला फरक बाजू बदलत असेल तर दोष जमिनीचा.

डावी बाजू पुढूनच बसलीय असं धरून चालू नका. मागचा एखादा पाटा तुटला किंवा दमला तरी अख्खी गाडी कलते आणि आपण उगाच पुढचा बोल्ट पिळत बसतो. मागे चासीच्या आडव्या बीमच्या बरोबर मध्ये जॅक लावून गाडी थोडी उचला, म्हणजे मागच्या पाट्यांचा कल हिशेबातून गेला. जॅक डिफरेन्शिअलखाली लावू नका, तिथे लावला तर पाटे मधे येतातच. आता पुढून बघा. कल तसाच राहिला तर दोष पुढचा. गेला तर पाटेवाल्याकडे जा.

दोष पुढचाच निघाला तर आधी विशबोनच्या सांध्यातले रबरी बुश आणि चाकाकडचे बॉल जॉइंट तपासून घ्या. चाक उचलून टॉमीनं (लोखंडी पहारीनं) हलवलं की खेळ कळतो. खिळखिळ्या जॉइंटवर उंची वाढवणं म्हणजे पडक्या भिंतीवर मजला चढवणं. पाच हजारांतला मोठा वाटा माझ्या मते इथेच जावा, कारण बोल्ट फिरवायला फक्त मजुरी लागते. शॉकअप मात्र नाक वर करायचं म्हणून बदलू नका. दुकानदार गळ घालेल, पण तेलाचा साधा शॉकअप गाडी उचलून धरत नाही, तो फक्त तिचं डुलणं थांबवतो. गळत असेल तर बदला, तो खर्च वेगळा.

आता बोल्ट. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं आटे घासा आणि गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चिखलातली गाडी आहे, कोरडाच पिळलात तर मुंडी हातात येईल. किती आटे बाहेर दिसतात ते मोजून रंगाची खूण करा, म्हणजे परतीची वाट राहते. सकाळी जॅक चासीला लावून पुढची दोन्ही चाकं लोंबती करा आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, मेस्त्री कितीही जुना असो. मग बसलेल्या बाजूला एक-दोन फेरे द्या, गाडी खाली घ्या, थोडी पुढे-मागे चालवा, बॉनेट दाबून सोडा आणि मोजा. खाली टेकताना टायर आडवे घासून अडकलेले असतात. गाडी फिरवल्याशिवाय घेतलेलं माप खोटं येतं. एका बाजूला फेरा दिला की दुसरीकडचं मापही थोडं हलतं, म्हणून दर वेळी चारही मापं घ्या.

थांबायचं कुठे? चाक खाली जाण्याचा प्रवास रबरी स्टॉपवर संपतो. बोल्ट जितका आवळाल तितका तो प्रवास आखूड होतो. दांडा तोच असतो, त्यामुळे स्प्रिंग काही कडक होत नाही. तरी गाडी दगडासारखी आदळते, कारण प्रत्येक खड्ड्यात विशबोन स्टॉपवर जाऊन बसतो. गाडी उभी असताना विशबोन आणि स्टॉप यांच्यात बोटभरही फट राहिली नसेल तर मागे या. बोल्ट संपला तरी नाक वर येत नसेल, तर दांड्याचं दातेरी टोक एक दात पुढे सरकवून बसवता येतं, पण त्यात पीळ साठलेला असतो. ते काम अनुभवी मेस्त्रीचं, घरी नको.

दांड्यावर वेल्डिंग नको, गॅसनं तापवणं नको, पाइप पान्याचे दात रुतवणंही नको. ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. भंगारातला जुना दांडा स्वस्त मिळेल, पण तोही तितकाच दमलेला असतो. घेणारच असाल तर डावा-उजवा खूण बघून घ्या, अदलाबदल चालत नाही.

उंची जमली की एक गोष्ट बहुतेक गॅरेजवाले सोडून देतात. विशबोनच्या बुशचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना परत आवळून घ्या. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट. ते टाळून पैसे वाचवू नका. उंची बदलली की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) दोन्ही हलतात आणि पुढचे टायर एका कडेनं खाल्ले जातात.

पासिंगची काळजी असेल तर ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करण्याबद्दल आहे. कंपनीच्या बोल्टनं मूळ उंचीवर आणण्यात तसं काही होत नाही. लिफ्ट किट आणि मोठे टायर चढवलेत की गोष्ट वेगळी, आणि मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस तपासणीला उभं राहावं लागतं.

हेडलाइटचंही बघावं लागेल. काम सुरू करायच्या आधी रात्री गाडी भिंतीसमोर ठरलेल्या जागी लावून डिपरच्या उजेडाची वरची कड खडूनं आखून ठेवा. नंतर त्याच जागी उभी करून, हौद्यात नेहमीचं ओझं टाकून, हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवत उजेड त्या रेषेच्या खाली आणा.