बॅनरवरचे फोटो सारख्या अंतरावर बसत नाहीत? आधी रिकाम्या फ्रेमा मांडा

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. तालुक्याच्या गावी डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान. पोळ्याचा १० बाय ४ फुटांचा बॅनर. त्यावर समितीच्या पाच जणांचे फोटो, मधला अध्यक्षांचा मोठा. पाचही लेयर सिलेक्ट करून फोटोशॉपमध्ये 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टल सेंटर्स' दाबलं, तरी अध्यक्षांच्या दोन्ही बाजूंना जागा कमी आणि कडेला जास्त. मध्येच कडेचे दोन फोटो थेट काठाला गेले. खाली नावं टाकली तर तीही एका ओळीत दिसत नाहीत. मग माउसने एकेक फोटो सरकवायचा, आणि गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलेलं.

त्या बटणाने त्याचं काम बरोबर केलं आहे. तुम्हाला हवं ते काम वेगळ्या बटणाचं आहे. संत्र्याची बाग लावताना ६ बाय ६ मीटर म्हणतो ते अंतर खोडापासून खोडापर्यंतचं असतं. एखादं झाड जास्त पसरलं तर त्याच्या आणि शेजारच्या झाडाच्या फांद्यांमधली मोकळी जागा कमी होते, खोडांमधलं अंतर मात्र तेच राहतं. 'सेंटर्स' वालं बटण खोड मोजतं. तुम्हाला फांद्यांमधली मोकळी जागा सारखी हवी आहे.

तुमच्याच बॅनरचा हिशेब मांडून पाहू. रुंदी १० फूट म्हणजे १२० इंच. दोन्ही कडांना ६-६ इंच सोडा, कारण फ्लेक्सची पट्टी दुमडली जाते, रिंगा ठोकल्या जातात आणि दोरीने ओढल्यावर कडेचा भाग सुरकुततो. उरले १०८ इंच. प्रत्येक फोटोला एक चौकोनी फ्रेम, त्यातल्या चार १२ इंचांच्या आणि मधली अध्यक्षांची १८ इंचांची धरू. पहिल्या फ्रेमचं केंद्र १२ वर, शेवटच्या फ्रेमचं १०८ वर. मधल्या ९६ इंचांचे चार सारखे भाग केले की केंद्रं येतात १२, ३६, ६०, ८४, १०८ वर. आता कडा पाहा. पहिली फ्रेम १८ वर संपते, दुसरी ३० वर सुरू होते, म्हणजे मोकळी जागा १२ इंच. दुसरी ४२ वर संपते आणि अध्यक्षांची ५१ वर सुरू होते, म्हणजे जागा ९ इंच. पलीकडच्या बाजूलाही तसंच. १२, ९, ९, १२. तीन इंचांचा हा फरक स्क्रीनवर कदाचित डोळ्याआड जाईल, पण बॅनर टांगला की लगेच दिसतो.

हवं ते असं. १०८ मधून सगळ्या फ्रेमांची रुंदी, म्हणजे ६६ वजा करा. उरले ४२. जागा चार, म्हणून प्रत्येकी साडेदहा इंच. हे काम 'डिस्ट्रिब्यूट स्पेसिंग' करतं. फोटोशॉपमध्ये ते सीसी २०१९ पासून आहे, म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून. मूव्ह टूल घ्या (व्ही दाबा), वरच्या पट्टीत अलाइनची बटणं संपतात तिथे तीन ठिपके दिसतील. ते उघडले की अगदी खाली 'डिस्ट्रिब्यूट स्पेसिंग'ची दोन बटणं आहेत, एक उभ्यासाठी, एक आडव्यासाठी. त्याच ठिकाणी 'अलाइन टू' मध्ये 'सिलेक्शन' आहे की 'कॅनव्हास' हेही पाहून घ्या. तुमच्या कामाला 'सिलेक्शन' हवं. कॅनव्हास राहिलं तर कडेचे फोटो थेट बॅनरच्या काठाला जाऊन चिकटतात आणि माणूस म्हणतो, हे काहून असं झालं?

सिलेक्शनवर डिस्ट्रिब्यूट करताना दोन टोकांचे लेयर जागचे हलत नाहीत, मधलेच सरकतात. म्हणून पहिली आणि शेवटची फ्रेम आधी पक्की बसवायची. कंट्रोल टी दाबा, वरच्या पट्टीतल्या नऊ ठिपक्यांच्या छोट्या चौकोनात डावा ठिपका निवडा आणि एक्सच्या खान्यात ६ इंच टाइप करा. शेवटच्या फ्रेमला उजवा ठिपका निवडून ११४ इंच. मधल्या तीन कुठेही ठेवा, फक्त डावीकडून उजवीकडे क्रम बरोबर असू द्या. लेयर पॅनलमध्ये कोण वर, कोण खाली याचा या अंतराशी संबंध नाही. तो क्रम एकमेकांवर चढण्यापुरता. कोणाचा खांदा कोणाच्या पुढे दिसावा हे ठरवायचं असेल तेव्हा कंट्रोलसोबत चौकटी कंसाची बटणं वापरून लेयर वरखाली करा.

आता मुख्य गोष्ट, आणि यावरच मला सगळ्यात जास्त जोर द्यायचा आहे. बटण बरोबर निवडलं तरी फोटो नीट बसतीलच असं नाही. सॉफ्टवेअरला अध्यक्ष दिसत नाहीत, त्यांचा फेटा दिसत नाही. लेयरवर जे काही रंगलेलं आहे त्याच्या सगळ्यात बाहेरच्या कडांचा एक चौकोन त्याला दिसतो, आणि तो चौकोनच ते मोजतं. कटिंग केलेल्या, म्हणजे बॅकग्राउंड काढून टाकलेल्या फोटोत एकाने हात जोडलेले असतात, दुसऱ्याने हात वर केलेला असतो, तिसऱ्याच्या खांद्यावरच्या शेल्याचं टोक बाहेर आलेलं असतं. या तिघांचे चौकोन तीन तऱ्हेचे. चौकोनांमधलं अंतर अगदी सारखं केलं तरी चेहरे कमीजास्त अंतरावर येतात, आणि बॅनर पाहणारा माणूस चेहराच पाहतो.

म्हणून फोटो डिस्ट्रिब्यूट करूच नका. आधी रिकाम्या फ्रेमा मांडा. रेक्टँगल टूलने १२ इंचांचा एक चौकोन काढा, त्याच्या प्रती करा, मधला मोठा करा, टोकं बसवा आणि स्पेसिंगचं बटण दाबा. त्याआधी 'बॉटम एजेस'ने सगळ्यांच्या खालच्या कडा एका रेषेत घ्या. फ्रेमा पूर्ण मांडून झाल्यावरच फोटो आणा. फोटोचा लेयर त्याच्या फ्रेमच्या लगेच वर ठेवा आणि कंट्रोल ऑल्ट जी दाबा. फोटो फ्रेमच्या आत अडकतो. आता तो आतल्या आत कितीही हलवा, लहानमोठा करा, बाहेरच्या अंतराला धक्का लागत नाही. रूलरवरून एक आडवी गाइड ओढून चौघांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि प्रत्येकाचे डोळे त्या रेषेवर आणा. डोक्याचा आकारही साधारण सारखा करा. कोणी पासपोर्ट साइज फोटो दिलेला असतो, कोणी लग्नातला पूर्ण उभा फोटो पाठवतो. डोळे एका रेषेत आणि डोकी एका मापाची झाली की बॅनर अर्धा जमला. अध्यक्षांची रेष वेगळी असली तरी चालते.

फ्रेम न दाखवता नुसते कटिंग केलेले फोटो हवे असतील तरी रीत हीच. चौकोन काढा, मांडा, प्रत्येक चेहरा त्याच्या चौकोनाच्या मधोमध आणा आणि मग लेयर पॅनलमधला चौकोनांचा डोळा बंद करा. अशा वेळी कंट्रोल ऑल्ट जी करू नका, नाहीतर चौकोनाबरोबर फोटोही दिसेनासा होईल.

कटिंगचा आणखी एक त्रास असतो. बॅकग्राउंड काढताना कोपऱ्यात एखादा ठिपका राहून जातो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरट ठिपका डोळ्याला दिसत नाही, पण चौकोन त्या ठिपक्यापर्यंत ताणला जातो. कंट्रोल टी दाबल्यावर चौकट माणसापेक्षा बरीच मोठी दिसली की समजावं. त्या लेयरला लाल रंगाचा जाड स्ट्रोक (कडेची रेघ) द्या, लपलेला प्रत्येक ठिपका लाल होऊन उठून दिसतो. खोडून टाका, स्ट्रोक काढून टाका.

नावांचं दुखणं मराठीचं खास आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. 'किसनराव', 'बाबाराव', 'सुखदेव' असे तीन टेक्स्ट लेयर घ्या. 'किसनराव'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते. 'बाबाराव' मध्ये वरही काही नाही, खालीही काही नाही. 'सुखदेव'चा उकार खाली उतरतो आणि मात्रा वर चढते. फोटोशॉप या तिन्ही शब्दांच्या शाईचा चौकोन धरतं. 'बॉटम एजेस' दाबलं की उकाराचं टोक बाकीच्यांच्या पायाशी येतं आणि 'सुखदेव' आख्खा वर उचलला जातो. 'टॉप एजेस' दाबलं की वेलांटीवाला आणि मात्रेवाला खाली दबतात. मधलं बटण दाबलं तरी शिरोरेषा जुळेलच असं नाही. आपला डोळा देवनागरी वाचताना शिरोरेषेवरूनच ओळ पकडतो, त्यामुळे पाच फुटांवरूनही ती वाकडी दिसते.

यावर उपाय सोपा आहे. नावांना उभ्या दिशेचं कोणतंही अलाइन बटण लावायचंच नाही. पहिलं नाव लिहा, टेक्स्ट सेंटर ठेवा. मूव्ह टूलने ऑल्ट आणि शिफ्ट दाबून ते आडवं ओढा, त्याच उंचीवर प्रत तयार होते. अशा चार प्रती करा आणि मग प्रत्येकीत शिरून नाव बदला. अक्षरांची बैठक तीच राहते, शिरोरेषा आपोआप एका रेषेत. आता नाव फ्रेमच्या बरोबर मध्ये आणायचं. कंट्रोल दाबून फ्रेमच्या थंबनेलवर क्लिक करा, फ्रेमभोवती तुटक रेषा चालू लागेल. मग फक्त नावाचा लेयर निवडा आणि 'हॉरिझॉन्टल सेंटर्स' अलाइन दाबा. नाव फ्रेमच्या मध्यावर येतं, फ्रेम जागची हलत नाही. कंट्रोल डी करून पुढच्या नावाकडे. फ्रेम आणि नाव दोन्ही एकत्र निवडून अलाइन करू नका, त्यात फ्रेमही सरकू शकते आणि मघाचं साडेदहा इंचांचं गणित बिघडतं.

सगळं झाल्यावर फ्रेम, फोटो, नाव यांचा एकेक ग्रुप करा, ते चांगलंच. पण नंतर त्या ग्रुपांना पुन्हा डिस्ट्रिब्यूट लावू नका. आडनावासकट आणि पदासकट नाव फ्रेमपेक्षा लांब गेलं की ग्रुपचा चौकोन नावाएवढा रुंद होतो, आणि पुन्हा पहिल्यासारखंच. जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली साउथ एशियन किंवा वर्ल्ड रेडी लेआउटचा पर्याय आहे, तो निवडा.

तपासायला नुसत्या नजरेवर राहू नका. मूव्ह टूलमध्ये एक फ्रेम निवडा, कंट्रोल धरून ठेवा आणि शेजारच्या फ्रेमवर माउस न्या. दोघींमधलं अंतर गुलाबी आकड्यात दिसतं. चारही जागा अशा पाहून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आकडा नाही दिसला तर व्ह्यू मेनूत स्मार्ट गाइड्स बंद असतील.

तुम्ही पुढे विचारलंय की बॅनरच्या खालच्या पट्टीत तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ओळीने लावायचे आहेत. तिथे मात्र फ्रेमची गरज नाही. नंदी चाकांवर उभे असतात, म्हणून 'बॉटम एजेस' लावा, सगळ्यांची चाकं एका जमिनीवर येतील. लहानमोठ्या नंदींची शिंगं वरखाली राहू द्या, ते छान दिसतं. पोट्टे खरोखर ओळीत उभे करतात तेव्हाही तसंच असतं. आडव्या दिशेला स्पेसिंगचं बटण दाबा. फक्त एखाद्या नंदीची दोरी लांब बाहेर आली असेल तर ती आधी वेगळ्या लेयरवर घ्या, कारण दोरीही चौकोनात धरली जाते.

जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्याकडच्या दुकानांत फोटोशॉप ७.० अजून दिसतं. त्यात एकाहून जास्त लेयर सिलेक्ट होत नाहीत, ते २००५ च्या सीएस२ पासून आलं. ७.० मध्ये लेयरसमोरच्या खान्यात साखळी लावून लेयर जोडावे लागतात आणि लेयर मेनूतून 'डिस्ट्रिब्यूट लिंक्ड' घ्यावं लागतं. स्पेसिंगचा पर्याय तिथे नाहीच. तिथे कागदावर हिशेब करा आणि व्ह्यू मेनूतल्या 'न्यू गाइड' मध्ये आकडे टाका. आपल्या उदाहरणात उभ्या गाइड येतील ६, १८, २८.५, ४०.५, ५१, ६९, ७९.५, ९१.५, १०२ आणि ११४ इंचांवर. फ्रेमा त्यांना चिकटवत जा.

कोरलड्रॉमध्ये लेआउट करत असाल तर फ्रेमा सिलेक्ट करून शिफ्ट पी दाबा, आडवी मोकळी जागा सारखी होते. फोटो पॉवरक्लिपने आत टाका. नुसतं अलाइन करताना लक्षात ठेवा, शिफ्टने एकेक निवडत गेलात तर शेवटी निवडलेली वस्तू जागची राहते आणि बाकीच्या तिच्याकडे येतात. पैसे न घालवता काम करायचं तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, त्याच्या मूव्ह टूलमध्येही अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट आहे. गिंपमध्ये क्यू दाबलं की अलाइनचं टूल येतं, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून त्यात अनेक लेयर एकदम निवडता येतात.

एवढी मेहनत एका बॅनरसाठी कशाला, असं दुकानात कोणी म्हणेलही. पण पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या लागतात, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, पोळा फुटेपर्यंत सगळं गाव तिथेच उभं असतं आणि समोर तोच बॅनर असतो. कोणाचा फोटो कोणापासून लांब पडला हे लोक बारकाईने पाहतात. कडेच्या माणसाला मुद्दाम बाजूला सारलं असं वाटलं तर त्याचं मन दुखतं, आणि गावात ते वर्षभर निघतं. त्यामुळे ऑपरेटरने या साडेदहा इंचांची काळजी घ्यायलाच हवी.

तुमच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते हेल्प मेनूत पाहून सांगा, आणि लेयर पॅनल उघडं ठेवून स्क्रीनशॉट टाका. बॅकग्राउंडचा लेयर चुकून इतरांबरोबर सिलेक्ट झालेला असेल तर अलाइन त्याच्या हिशेबाने होतं. मला वाटतं, तुमचे कडेचे दोन फोटो मध्येच काठाला गेले म्हणता ते त्यामुळे किंवा 'कॅनव्हास' पर्यायामुळे झालं असेल. स्क्रीनशॉट पाहिला की नक्की सांगतो.