सोडून गेलेल्या भागीदाराला श्रेय किती द्यायचं?

नमस्कार दादा,

भोसरीतल्या तुमच्या पाऊच पॅकिंग मशीनच्या कारखान्याला दहा वर्षं होताहेत आणि स्मरणिका छापायची आहे. ज्या मित्राबरोबर सुरुवात केली तो तिसऱ्या वर्षी हिस्सा घेऊन नोकरीला गेला. टाळेबंदीत घर गहाण टाकून कामगारांचे पगार तुम्ही केलेत. आता तो लिंक्डइनवर स्वतःला ‘संस्थापक’ म्हणवतो, ते तुम्हाला सलतंय. वहिनी म्हणतात नावच घालू नका. तुमचे जुने फिटर म्हणतात, त्या साहेबांशिवाय पहिलं मशीन उभंच राहिलं नसतं.

दादा, तो संस्थापक आहेच. भागीदारी सोडतानाच्या करारानं पैशाचा हिशेब मिटला, सुरुवात कोणी केली हे त्यानं बदलत नाही. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू केली सात जणांनी. त्यांतले अशोक अरोरा १९८९ मध्ये बाहेर पडले. कंपनी शेअर बाजारात आली १९९३ साली, खरी भरभराट त्यानंतरची. तरी संस्थापक मोजताना आजही सातच मोजतात.

पण ‘किती टक्के’ हा प्रश्न सोडून द्या, त्याला उत्तर नाही. त्यानं काय केलं ते लिहा. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांचं बघा. १९८५ मध्ये त्यांनी कंपनीतलं रोजचं काम सोडलं, पण त्यांनी घडवलेल्या ॲपल टू संगणकाची मालिका १९९३ पर्यंत विकली जात होती. ते श्रेय त्यांचंच. आयफोनचं श्रेय मात्र त्यांना कुणी देत नाही.

तुम्हीच लिहिलंय की मसाल्याच्या पाऊचसाठी त्यानं बसवलेली कप फिलरची, म्हणजे मापाच्या कपानं माल भरायची, रचना आजही तुमच्या निम्म्या मशीनमध्ये आहे, आणि त्या ड्रॉइंगवर त्याची सही आहे. मग स्मरणिकेत ते ड्रॉइंगच छापा, सहीसकट. खाली त्याचं नाव आणि तो कंपनीत होता ती वर्षं. टाळेबंदीचं पान मात्र तुमचं, वहिनींचं आणि पगार उशिरा होऊनही थांबलेल्या माणसांचं. तिथे त्याचं नाव यायचं कारण नाही, आणि तो तेव्हा नव्हता असा टोमणाही नको.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. श्रेयापेक्षा जास्त तुम्हाला लागलंय ते हे, की टाळेबंदीच्या त्या वर्षात त्यानं एक फोनसुद्धा केला नाही. हे दुखणं खरं आहे, आणि ते त्याला सांगायलाच हवं. पण समोर बसून. ग्राहकांच्या हातात जाणाऱ्या छापील पानावर ते काढू नका.

छपाईला देण्याआधी त्याचं पान त्याला पाठवा. तारीख चुकली म्हणाला तर दुरुस्त करा. ‘अजून लिही’ म्हणाला, तर नाही म्हणा. तो हक्क तुमचा आहे.

तुमची,
ताई