जनगणनेत गणिताचं नेमकं काम काय असतं?

तुम्ही विचारलंय, घरोघर जाऊन माणसं मोजायची आणि बेरीज मारायची, यात गणित ते कितीसं? मी शाळेत गणित शिकवतो आणि 2011 च्या जनगणनेत प्रगणक होतो. बेरीज हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. मोजणी किती चुकली आणि कुठे चुकली हे शोधायला खरं गणित लागतं.

वयाचंच घ्या. एका आजींना वय विचारलं तर म्हणाल्या, "लिही की साठ." मग बोलता बोलता निघालं की सोळाव्या वर्षी लग्न, तिसऱ्या वर्षी थोरली लेक, आणि बाहत्तरच्या दुष्काळात ती रांगत होती. म्हणजे लेक 39 ची आणि आजी 58 च्या. मी 58 लिहिलं. पण प्रत्येक घरी इतकं बसून विचारणं होत नाही. म्हणून आपल्याकडच्या वयाच्या तक्त्यात 30, 35, 40 वर माणसांचे ढीग दिसतात आणि शेजारच्या 39, 41 वर खड्डे. हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. 23 ते 62 वयोगटात 0 किंवा 5 ने संपणारी वयं साधारण पाचात एक असायला हवीत. तशी असली तर निर्देशांक 100 येतो, सगळ्यांनीच 'पस्तीस, चाळीस' सांगितलं तर 500. हे ढीग सपाट केल्याशिवाय पुढे शाळा किती लागतील, निवृत्त किती होतील, याचे अंदाज धड येत नाहीत.

फुगवलेला आकडाही गणितच पकडतं. नागालँडची लोकसंख्या 1991 मध्ये 12.10 लाख होती, 2001 मध्ये 19.90 लाख नोंदली गेली. म्हणजे वर्षाला सुमारे 5 टक्के वाढ. नुसत्या जन्म-मृत्यूच्या फरकातून एवढी वाढ होणं जवळपास अशक्य, आणि तितके लोक बाहेरून आलेले कुठे दिसत नव्हते. 2011 मध्ये काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा आकडा 19.79 लाख आला.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सुटलेल्या माणसांचा हिशोब. जी माणसं मोजलीच नाहीत, ती किती हे कळणार कसं? त्यासाठी जनगणनेनंतर निवडक गटांत (गट म्हणजे एका प्रगणकाला मोजणीसाठी दिलेला भाग) पुन्हा स्वतंत्र पाहणी करतात. समजा एका गटात जनगणनेत 700 माणसं नोंदली गेली. नंतरच्या पाहणीत 650 सापडली आणि त्यातली 637 जनगणनेच्या यादीतही होती. म्हणजे पाहणीतल्या 98 टक्के लोकांना जनगणनेनं गाठलं होतं. तेच प्रमाण सगळ्या गटाला लावलं तर खरी संख्या 700 भागिले 0.98, साधारण 714. चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी 1949 मध्ये हीच पद्धत कोलकात्याजवळच्या सिंगूरच्या जन्म-मृत्यू नोंदींवर वापरली होती. 2011 च्या पाहणीत देशभरात हजारी 23 माणसं निव्वळ (म्हणजे सुटलेल्यांतून दोनदा मोजलेले वजा करून) सुटल्याचं निघालं. 121 कोटींच्या हिशोबात हे पावणेतीन कोटींच्या घरात जातं.

या पद्धतीची एक अट मात्र कडक आहे: दोन्ही मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. जो पहिल्या वेळी सुटतो तोच दुसऱ्या वेळीही सुटत असेल, तर सूत्र त्याला धरत नाही आणि उत्तर कमी येतं. माझ्या गटात एका बेकरीच्या माळ्यावर दोन कामगार झोपायचे. पहाटे भट्टीवर, दुपारी झोपलेले, खाली शटर बंद. फेब्रुवारीत मी त्या दारावरून तीनदा गेलो आणि नजरी नकाशात, म्हणजे गटाच्या हातानं काढलेल्या कच्च्या नकाशात, तिथे 'दुकान' एवढंच लिहिलं. 1 ते 5 मार्चच्या उजळणी फेरीत समोरच्या घरातल्या मावशींनी सांगितलं, "अहो, वर पोरं राहतात." शिडी चढून गेलो तेव्हा ते दोघं जेवत होते. त्यांचे फॉर्म मी तिथेच भरले.