नाशिक सोडण्यापूर्वी वाचायच्या कादंबऱ्या

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजी म्हणते की मराठी घरातल्या माणसाने काही कादंबऱ्या वाचलेल्या असाव्याच लागतात. त्या कोणत्या, त्याच का, आणि डिसेंबरअखेर तू इकडे युरोपात परत येण्यापूर्वी त्यांतल्या किती वाचून होतील, असे तू विचारले आहेस. आजीचे म्हणणे मला पटते. आपल्याकडे कादंबरी वाचून झाली की तिच्यावर बोलणे सुरू होते. ती शेजारच्या घरी जाते, परत येते, जेवताना तिच्यावरून वाद होतात आणि तिच्यातल्या माणसांची बाजू घेऊन लोक हिरिरीने भांडतात. नाशिकला तर ही देवाणघेवाण फार जुनी आहे. आजी तुला ज्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जाते ते १८४० साली सुरू झाले, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या आहेत. म्हणून मी तुला लांबलचक यादी देत नाही. एकमेकींना उत्तर देणाऱ्या, आणि तू नाशिकमध्ये असेपर्यंतच ज्या नीट कळतील अशा थोड्या कादंबऱ्या सुचवते.

तू मराठी सहज बोलतेस, पण वाचताना अडखळतेस, तेव्हा सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने कर. माणदेशातल्या धनगरांच्या एका वस्तीवर शिक्षक म्हणून आलेल्या तरुणाची ही १९५५ सालची कादंबरी आहे. तिची वाक्ये लहान आणि स्वच्छ आहेत, आणि बाहेरून आलेल्या मुलाला गाव हळूहळू कसे आपले म्हणते, हे तुला आत्ता जितके कळेल तितके एरवी कळणार नाही.

त्यानंतर ‘श्यामची आई’. ती तू लहानपणी माझ्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली आहेस. आता सलग वाच. साने गुरुजींनी ती ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली, आणि तीही नाशिकच्या तुरुंगात. कथा कोकणातली आहे, परंतु ती लिहिली गेली तेव्हा या शहरात काय चालले होते हे तुला ठाऊक असायला हवे. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो पुढे काही वर्षे चालला. म्हणजे तुरुंगाच्या भिंतींआड एक माणूस आईने शिकवलेली माणुसकी आठवून लिहीत होता, आणि त्याच गावात माणसांना देवळाच्या दारातून आत जाऊ दिले जात नव्हते. या पुस्तकात डोक्यावरची मोळी उचलता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार स्त्रीला हात द्यायला आई श्यामला पाठवते, तो प्रसंग वाचताना हे लक्षात ठेव. त्यातली करुणा खरी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ती मदत देणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. त्या म्हातारीला काय वाटले, ते तिथे फारसे नाही.

ते वाचण्यासाठी बाबुराव बागुलांकडे जावे लागते. त्यांचा जन्म १९३० सालीच, नाशिकजवळच्या विहितगावचा. त्यांची ‘सूड’ ही १९७० सालची छोटी कादंबरी अपमान सोसलेल्या एका स्त्रीच्या संतापाची आहे, आणि ती सौम्य नाही. तू सोळा वर्षांची आहेस. मला वाटते तू ती वाचू शकतेस, मात्र एकटीने रात्री उशिरा वाचू नकोस आणि वाचून झाल्यावर आजीशी किंवा माझ्याशी बोल. ‘श्यामची आई’ वाचून डोळे भरून आलेल्या वाचकाने बागुलही वाचलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही पुस्तके आपल्या घरात शेजारी शेजारी असावीत अशी माझी इच्छा आहे.

दुसरी जोडी जरा मोठी आहे, आणि तिच्यासाठी नाशिक सोडण्याआधीचा वेळच योग्य आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपदावर आलेल्या आणि सत्तावीस वर्षांचे असताना थेऊरला क्षयाने गेलेल्या माधवरावांची ही कथा आहे. आपल्याकडे अनेक घरांत ही एकच कादंबरी तीन पिढ्यांनी वाचलेली असते. मामा तुला ज्या गंगापूर रस्त्याने नेतो, त्यावरच आनंदवल्ली लागते. माधवरावांचे काका राघोबादादा तेथे राहत असत. त्याच रस्त्याने पुढे गंगापूर आहे, जेथे माधवरावांच्या आई गोपिकाबाई मुलाशी बिनसल्यावर पुणे सोडून येऊन राहिल्या. आणि १७६८ साली माधवरावांनी काकांचा पराभव केला तो धोडपचा किल्लाही आपल्याच जिल्ह्यात, चांदवड तालुक्यात आहे. पुण्यातल्या वाड्यांत घडणारी म्हणून ओळखली जाणारी ही कथा नाशिकच्या परिसरात इतक्या वेळा येऊन जाते, हे तेथे राहून वाचल्याशिवाय जाणवत नाही. एखाद्या रविवारी मामाला आनंदवल्लीला गाडी थांबवायला सांग.

मात्र ‘स्वामी’चा शेवट रमाबाई सती जाण्याने होतो, आणि देसाई तो इतक्या भारावलेल्या भाषेत लिहितात की वाचणाऱ्याला त्यात दुःखापेक्षा वैभवच अधिक दिसू लागते. मला तो भाग आजही अस्वस्थ करतो. म्हणून पुस्तक मिटल्यावर लगेच हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ हाती घे. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली आणि १८९३ साली पुस्तक झालेली ही कादंबरी यमू नावाची मुलगी स्वतःच सांगते: लहानपणीचे लग्न, लिहायला वाचायला शिकवणारा प्रेमळ नवरा, त्याचा मृत्यू, आणि नंतर शंकरमामंजींच्या घरात तिचे बळजबरीने केलेले केशवपन. नवऱ्यामागे जिवंत राहिलेल्या बाईचे काय होत असे, ते आपट्यांनी एका बाईच्या तोंडून, तिच्या रोजच्या बोलण्याच्या मराठीत, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. ती जाडजूड आहे आणि मधले कौटुंबिक तपशील तुला लांबलेले वाटतील. तेथे घाई कर, पण यमूच्या सासरची प्रकरणे सोडू नकोस. शक्य असेल तर ती आजीकडून मोठ्याने वाचून घे. त्यातली जुनी नाती, सोवळे, स्वयंपाकघरातले टोमणे हे सारे आजीने तिच्या आजीकडून ऐकलेले आहे, आणि ती वाचता वाचता थांबून जे सांगेल ते कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही.

‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’ यांविषयी तू विचारले आहेस, कारण मामीने तुला दोन्ही भेट दिल्या. त्या पुढच्या वर्षी वाच. त्यांची अलंकारिक भाषा आत्ता तुला थकवील, आणि त्या वाचायला नाशिकमध्येच असावे लागत नाही. दिवाळी अंकांचा गठ्ठाही तसाच राहू दे. त्यांतल्या संपूर्ण कादंबऱ्या मोहात पाडतात, पण तुझ्या हाती आता जेमतेम सहा आठवडे आहेत. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ तुला मैत्रिणीने दिली आहेच. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची ती गोष्ट तू दोन दिवसांत संपवशील.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मात्र विमानासाठी राखून ठेव. १९३९ सालची ही लहानशी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर हा मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू मुलगी हॅर्टा यांची ती प्रेमकथा आहे. आपण राहतो त्या खंडाविषयी मराठीत इतके थेट आणि इतके कमी शब्दांत लिहिलेले मी दुसरे काही वाचलेले नाही. ज्या देशांच्या सीमांवरून आपण सुट्टीत सहज ये-जा करतो, त्या सीमा हॅर्टाला काय होत्या, हे तुला या पुस्तकातून कळेल. आपल्या शाळेतल्या इतिहासाशी ते ताडून बघ.

आता एवढे कर: वाचनालयातून आधी आपट्यांची कादंबरी आण, कारण तिला सर्वांत जास्त दिवस लागतील; ‘स्वामी’ आजीच्या कपाटात वरच्या खणात आहे. ‘सूड’ वाचनालयात मिळाली नाही, तर मामाला पुस्तकांच्या दुकानात विचारायला सांग आणि विकतच घे; ती आपल्याला घरी हवीच आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी वाचनालयाची सारी पुस्तके परत केलीस ना, ते आजीला विचारून घे. यमूविषयी तुला काय वाटले, ते मात्र येईपर्यंत थांबू नकोस, वाचून होताच कळव.

तुझी,
आई